विळ्याच्या आकाराच्या पेशी

शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली ग्रेनाडा बेटावरील एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी आढळल्याचे प्रसिद्ध केले. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखविले. रोगाचे मूळ सापडले. पण रोग्याच्या हाडांतल्या कळा होत्या तशाच राहिल्या. अमेरिकेत हा रोग मुख्यतः काळ्या लोकांचा, आपल्याकडे विदर्भ-सातपुड्यातील आदिवासी व दलित वस्त्यांचा. औषधाला इतका उशीर का, याचे उत्तर आम्ही तरी त्यातच शोधतो.

हायड्रॉक्सियुरिया हे द्रव्य १८६९ सालचे. पुढे ते कर्करोगावर वापरले गेले. अमेरिका व कॅनडातील २१ केंद्रांत २९९ प्रौढ रोग्यांवर त्याची परीक्षा झाली. सुमारे निम्म्यांना औषध, बाकीच्यांना तशीच दिसणारी निरुपद्रवी कॅप्सूल. कोणाला काय मिळाले हे रोग्यालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही! औषधाविना वर्षाला साधारण साडेचार झटके, औषधाने अडीच. फरक इतका उघड की जानेवारी १९९५ मध्ये परीक्षा मुदतीआधीच थांबविली.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने जनुक-दुरुस्तीच्या उपचारास मान्यता दिली. किंमत बावीस लाख डॉलर. त्याच वर्षी भारत सरकारने सात कोटी लोकांच्या तपासणीची मोहीम काढली. तपासणीत रोगी ठरलेल्या मजुराला ती जुनी कॅप्सूल गावच्या दवाखान्यात दरमहा मिळते काय, हे आम्ही विचारीत राहणार आहोत.