काळ्या स्क्रीनची गोष्ट: डॉस गेला कुठे?

आज सुरुवातीलाच एक छोटं काम देतो. जवळपास विंडोजचा लॅपटॉप असेल तर डेस्कटॉपवर नवीन फोल्डर तयार करा आणि नावाच्या जागी सी, ओ, एन ही तीन इंग्रजी अक्षरं टाका. जमणार नाही. विंडोज सरळ नकार देईल. व्हॉट्सॲपवर यामागे भुताखेताच्या गोष्टी फिरतात, पण खरी गोष्ट जास्त मजेशीर आहे. हा नकार चाळीस वर्षांहून जुना आहे आणि तो आलाय डॉसमधून.

डॉस म्हणजे डिस्क ऑपरेटिंग सिस्टिम. आयकॉन नाहीत, माउस लागत नाही. काळी स्क्रीन, त्यावर 'सी' हे अक्षर आणि लुकलुकणारा कर्सर. हुकूम टाइप करायचा, एंटर मारायचा. डॉसमध्ये कीबोर्ड, प्रिंटर यांनाही फाइलसारखी नावं दिली होती. प्रिंटरच्या नावाने फाइल कॉपी केली की ती छापून यायची. कीबोर्ड आणि स्क्रीन मिळून झालं 'कॉन', म्हणजे कन्सोल. पहिल्या डॉसमध्ये फोल्डरच नव्हते, त्यामुळे हे नाव सगळीकडे राखीव. १९८३ साली दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले. जुने प्रोग्राम बंद पडू नयेत म्हणून मग प्रत्येक फोल्डरमध्ये ते नाव राखीवच ठेवलं. ते आजतागायत.

आता जन्मकथा. १९८० साली सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स नावाची एक छोटी कंपनी इंटेलच्या नव्या ८०८६ चिपचे बोर्ड विकत होती. पण त्यावर चालवायला ऑपरेटिंग सिस्टिम कुठाय? त्या काळी गॅरी किल्डॉल यांची सीपी/एम चालायची, पण तिची ८०८६ साठीची आवृत्ती काही येईना. शेवटी कंपनीतल्या टिम पॅटरसन या विशीतल्या इंजिनियरने स्वतःच एक लिहून काढली. नाव ठेवलं क्यूडॉस: क्विक अँड डर्टी ऑपरेटिंग सिस्टिम. आपल्या भाषेत, जुगाड.

तेव्हाच आयबीएम स्वतःचा पर्सनल कॉम्प्युटर आणायच्या तयारीत होती आणि ऑपरेटिंग सिस्टिम पुरवायचं काम मायक्रोसॉफ्टने घेतलं होतं. मायक्रोसॉफ्टने आधी या जुगाडाचं लायसन्स घेतलं आणि जुलै १९८१ मध्ये ५० हजार डॉलर देऊन सगळे हक्कच विकत घेतले. पुढच्याच महिन्यात, १२ ऑगस्टला, आयबीएम पीसी बाजारात आला. खरी चलाखी करारात होती. हीच सिस्टिम दुसऱ्या कंपन्यांना विकायचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे ठेवला. मग आयबीएमच्या नकला करणाऱ्या कंपन्या निघाल्या, आणि प्रत्येकीला डॉस हवाच होता.

आपल्याकडे या गोष्टीला पुण्याचा एक सुंदर धागा आहे. डॉस इंग्रजीच समजायचा. मग मराठी कशी लिहायची? आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं आणि त्यातून जिस्ट कार्ड आलं. कॉम्प्युटर उघडायचा, आत हे कार्ड बसवायचं, आणि त्याच काळ्या स्क्रीनवर, वर्डस्टार किंवा डीबेससारख्या इंग्रजी प्रोग्राममध्ये देवनागरी उमटायची!

अक्षरं साठवली जायची ती इस्की नावाच्या भारतीय मानकाप्रमाणे. मराठीतला 'क' आणि तमिळमधला 'क' यांना एकच क्रमांक. तुमच्या फोनमधल्या युनिकोडमध्ये देवनागरीची मांडणी आहे ना, ती १९८८ च्या इस्कीवरच बेतलेली आहे. म्हणजे आत्ता तुम्ही मराठीत मेसेज टाइप करता त्याची वंशावळ डॉसच्या जमान्यापर्यंत जाते.

इथे एक उलटीच गंमत झाली. नंतर विंडोजच्या काळात जो तो आपापला मराठी फाँट घेऊन आला. प्रत्येकाचा कोड वेगळा. फाँट नसला की मजकुराचा नुसता इंग्रजी कचरा दिसायचा. डीटीपीच्या दुकानात काम केलेल्या कुणालाही विचारा, हात जोडेल. त्यामानाने इस्कीत साठवलेली जुनी फाइल युनिकोडमध्ये आणणं सोपं, कारण तिचे नियम छापील आहेत. अट एकच: ती फ्लॉपी वाचता आली पाहिजे. चुंबकीय थर खराब होत जातो, ड्राइव्ह मिळेनासे झालेत. कुठल्या संस्थेच्या कपाटात मराठी मजकुराच्या फ्लॉप्या पडल्या असतील तर घाई आहे, बाबांनो.

पुण्याचीच आणखी एक गोष्ट, थोडक्यात. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये विसरायची आणि कॉम्प्युटर चालू करायचा, की व्हायरस आत. यावर औषध म्हणून कॅल्क्युलेटर दुरुस्तीतून पुढे आलेल्या कैलास काटकर यांनी भाऊ संजय यांच्यासोबत अँटिव्हायरस आणला. ते पहिलं क्विक हील डॉससाठीच होतं.

मग विंडोज ९५ आलं आणि डॉस पडद्याआड गेला. पण संपला नाही. मायक्रोसॉफ्ट डॉस सोडून देणार हे दिसताच जिम हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने जून १९९४ मध्ये मोफत डॉस बनवायची घोषणा केली. तोच फ्रीडॉस. ऑनलाइन सेलमध्ये 'डॉस लॅपटॉप' थोडा स्वस्त दिसतो ना? त्यात बऱ्याचदा हाच असतो. विंडोजचे पैसे वाचतात, म्हणून किंमत कमी. बायोस अपडेट करायला आणि जुनी यंत्रं सांभाळायलाही फ्रीडॉस कामी येतो. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाले जॉर्ज मार्टिन तर डॉसच्या मशीनवर वर्डस्टारमध्ये कादंबऱ्या लिहितात. त्या मशीनला इंटरनेटच नाही. ना नोटिफिकेशन, ना अपडेट.

तरी उगाच गोडवे गायला नकोत. डॉसमध्ये एका वेळी एकच प्रोग्राम चालायचा आणि तो अडकला की अख्खं मशीन अडकायचं. पासवर्डचं नाव नाही. आणि इंजिनियरिंगवाल्यांनो, तुमच्या लॅबमधली ती निळी स्क्रीन, डॉसबॉक्समध्ये चालणारं टर्बो सी++, ही आठवण म्हणून ठीक. पण ते आलं सी++ चं पहिलं अधिकृत मानक ठरलं त्या १९९८ च्याही आधी. त्यावर आज परीक्षा घेणं म्हणजे, माझ्या मते, निव्वळ आळस.

डॉस स्वतः बघायचा असेल तर सोपं आहे. इंटरनेट अर्काइव्हवर डॉसचे शेकडो गेम ब्राउझरमध्येच चालतात. आत घुसून बघायची खाज असेल तर मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये डॉस ४ चा सोर्स कोड गिटहबवर खुला केलाय, बराचसा असेंब्लीत आहे. वाचून बघा, आणि काही सापडलं तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात भेटू!