वत्सगुल्माला जाणारं कालयंत्र

मंगरूळपीरला मी शाळेत इतिहास शिकवतो. यंदा नववीच्या मुलांनी कालयंत्राची चित्रकथा काढायला घेतली आहे. मंगरूळचा एक पोरगा पाचव्या शतकातल्या वत्सगुल्मात, म्हणजे आपल्या वाशिमला पोचतो आणि वाकाटक राजा हरिषेणाला मरणातून वाचवतो, अशी गोष्ट.

"राजाले वाचवलं तं अजिंठ्याचं काम पुरं होईन ना, सर?" एका मुलीने विचारलं. प्रश्न पोरकट नाही. वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्यभर अजिंठ्याचा अभ्यास करून हेच मांडलं, की इ.स. 477 च्या सुमारास हरिषेण अचानक गेला आणि लेण्यांचं काम विस्कटलं. त्यांची कालगणना सगळ्यांना पटलेली नाही. पण 24 क्रमांकाचं भव्य लेणं अर्धवट राहिलं आहे, ते कुणीही जाऊन पाहावं.

मुलांना मी आधी जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' सांगितली होती. विश्वासरावांना लागायची गोळी तिथे चुकते आणि पुढचा सगळा इतिहास फिरतो. पानिपताचा दिवस न् दिवस आपल्याला ठाऊक आहे, म्हणून एक गोळी हलवता येते. वत्सगुल्माचं तसं नाही. 1939 च्या आधी कुणी कालयंत्र बनवलं असतं, तर त्याला इथे कोणाला भेटायचं हेच कळलं नसतं, कारण इथे वाकाटकांची वेगळी गादी होती हेच कुणाला माहीत नव्हतं.

अजिंठ्याच्या 16 व्या लेण्यात हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. त्यात राजांची वंशावळ आहे, पण अक्षरं झिजलेली. ब्यूलरसारख्या मोठ्या पंडिताने त्यात रुद्रसेन, पृथिवीषेण अशी नावं वाचली. ती नागपूरकडच्या नंदिवर्धन शाखेतली. म्हणून सगळे राजे एकाच माळेत ओवले गेले. मग 1939 साली वाशिमला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. राज्याच्या 37 व्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेलं दान, बाप सर्वसेन, आजा प्रवरसेन. नागपूरच्या वासुदेव विष्णु मिराशींनी तो हाताशी धरून अजिंठ्याची ओळ पुन्हा वाचली: रुद्रसेनाच्या जागी सर्वसेन, पृथिवीषेणाच्या जागी विंध्यसेन, म्हणजे ताम्रपटातला हाच विंध्यशक्ती. आपल्या मातीतल्या तांब्याच्या पत्र्यांनी एका राजघराण्याचे दोन केले! हे वर्गात सांगताना माझा आवाज आजही चढतो.

हा सर्वसेन कवीही होता. त्याचं 'हरिविजय' हे प्राकृत काव्य आनंदवर्धनासारख्या काश्मिरी पंडिताला ठाऊक होतं. आज ते हरवलं आहे. इतरांच्या ग्रंथांत उद्धृत झालेल्या गाथा तेवढ्या उरल्या. माझं मत असं, की पोराने राजा वाचवण्याआधी शंभरेक वर्षं आणखी मागे जावं आणि त्या काव्याची पोथी उतरवून आणावी. मुलांना लढाई हवी आहे, त्यामुळे तूर्त राजाच वाचणार.

मध्यंतरी अडलं होतं ते राजाच्या तोंडी कोणती भाषा घालायची यावर. तोडगा ताम्रपटातच मिळाला. त्यात वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा व्यवहार प्राकृतात. त्यामुळे दरबारातली बिरुदं संस्कृतात ललकारायची, आणि गावकऱ्यांशी बोलताना राजा प्राकृतात बोलेल. त्या प्राकृतातली चार वाक्यं जुळवायचं काम माझ्याकडे आहे.