जुना परवलीचा शब्द परत का मिळत नाही?

ई-मेल खात्याचे नाव आपण विसरलो, तर सेवा देणारी कंपनी थोडीफार ओळख पटवून घेते आणि ते नाव सांगून टाकते. परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड विसरलो, तर मात्र ती म्हणते, ‘नवा ठरवा.’ जुना शब्द ती काही केल्या सांगत नाही. हा तिचा आडमुठेपणा नव्हे. काम नीट चालले असेल तर तो शब्द तिच्याकडे नसतोच! मग आपण रोज टाकलेला शब्द बरोबर आहे हे तिला कळते कसे? उत्तर ठाऊक नसताना उत्तरपत्रिका तपासण्यासारखाच हा प्रकार आहे. तो कसा साधला, त्याचा इतिहास मोठा रंजक आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत (एमआयटी) फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये एका नव्या पद्धतीचे प्रात्यक्षिक दाखवले. एकच महागडा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायचा. प्रत्येकाला वाटावे, संगणक आपल्यापुरताच आहे. या व्यवस्थेचे नाव सीटीएसएस. पण यंत्र सामाईक झाले की प्रत्येकाचे कागदपत्र वेगळे राखणे आले, कोणी किती वेळ वापरला याचा हिशेब आला. म्हणून प्रत्येकाला खात्याचे नाव आणि परवलीचा शब्द देण्यात आला. पुढे १९६५ मध्ये याच यंत्रावर एकमेकांना निरोप ठेवण्याची सोयही झाली. म्हणजे ई-मेल आणि त्याचे कुलूप एकाच घरात वाढले.

कुलूप तसे कच्चेच होते. सर्वांचे परवलीचे शब्द एका यादीत जसेच्या तसे लिहून ठेवलेले असत. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याला आलेला संगणकाचा वेळ पुरेना. १९६२ मध्ये त्याने छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवरून ‘अमुक यादी छापून दे’ अशी मागणी टाकली, आणि यंत्राने निमूटपणे सगळ्यांचे परवलीचे शब्द छापून दिले! ही गोष्ट त्याने कित्येक वर्षांनी कबूल केली.

१९६६ मध्ये तर चोराचीही गरज पडली नाही. एक जण परवलीच्या शब्दांची यादी दुरुस्त करत होता, दुसरा त्या दिवशीची सूचना लिहीत होता. दुरुस्तीच्या काळात मजकूर ज्या तात्पुरत्या जागी ठेवला जाई, तिचे नाव दोघांच्या बाबतीत एकच निघाले. मजकुरांची अदलाबदल झाली. त्यानंतर जो कोणी संगणकाशी जोडला जाई, त्याच्यापुढे सूचनेऐवजी सर्वांचे गुप्त शब्द छापून येऊ लागले. शेवटी यंत्र मुद्दाम बंद पाडावे लागले. कोर्बातो यांनी ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हा किस्सा स्वतःच सांगितला आहे.

यादी कितीही जपा, ती आहे तोवर धोका आहे. मग यादीच ठेवली नाही तर? ही वाट इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात सापडली. तेथील टायटन संगणकावर काम करणाऱ्या रॉजर नीडहॅम यांची कल्पना अशी, की मूळ शब्द साठवायचाच नाही. त्यावर एक ‘एकमार्गी’ क्रिया करून येणारे उत्तर तेवढे ठेवायचे. मॉरिस विल्क्स यांनी १९६८ च्या आपल्या पुस्तकात ही पद्धत उघडपणे छापलीही. पद्धत सर्वांना ठाऊक असली तरी बिघडत नाही, हेच तिचे वैशिष्ट्य.

वर्गात हे सहज दाखवता येईल. समजा, एखाद्याची गुप्त संख्या ४७२९ आहे. तिचा वर्ग २,२३,६३,४४१. त्यातले मधले चार अंक ३६३४. वहीत फक्त तेवढेच लिहा. विद्यार्थ्याने पुन्हा ४७२९ सांगितले, की वर्ग करून मधले अंक ताडून पाहायचे. पण ज्याच्या हाती नुसती वही लागली, त्याला ३६३४ वरून उलटे जाता येत नाही. एकेक संख्या घेऊन पाहावी लागते. इथे जास्तीत जास्त दहा हजार संख्या पाहाव्या लागतील. हुशार मुले आठवड्याभरात तेही करतील, शिवाय एकच उत्तर देणाऱ्या दोन संख्याही त्यांना सापडतील. खऱ्या पद्धतींत या दोन्ही गोष्टी जवळजवळ अशक्य ठरतील इतकी किचकट क्रिया वापरतात.

तरी माणसाने ‘राम’ किंवा ‘१२३४’ असा शब्द निवडला तर गणित काय करणार? बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये ३,२८९ खरे परवलीचे शब्द तपासले. त्यांतले २,८३१, म्हणजे ८६ टक्के, एक तर फारच आखूड होते किंवा शब्दकोशात आणि नावांच्या यादीत सापडणारे होते. त्यांनी दोन उपाय योजले. क्रिया मुद्दाम संथ केली. शिवाय प्रत्येकाच्या शब्दात एक वेगळी संख्या मिसळली. तिला त्यांनी ‘मीठ’ म्हटले. ४,०९६ प्रकारचे मीठ असल्यामुळे दोघांचा शब्द एकच असला तरी साठवलेली उत्तरे बहुधा निराळी येत, आणि चोराने आधीच तयार करून ठेवलेला कोष्टकांचा गठ्ठा जवळपास वाया जाई.

एवढे झाल्यावर शब्द विसरणाऱ्याचे काय? विद्यापीठात सोपे होते. संगणक सांभाळणाऱ्या माणसाकडे जायचे, तो चेहऱ्याने ओळखत असे, नवा शब्द देऊन टाकी. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू केले, तेव्हा हे संपले. दीड वर्षात तिचे ८० लाखांहून अधिक खातेदार झाले. त्यांना चेहऱ्याने कोण ओळखणार?

तेव्हा कंपन्यांनी गुप्त प्रश्नांचा आधार घेतला. पाळीव कुत्र्याचे नाव काय? आईचे माहेरचे आडनाव काय? (आपल्याकडे लग्नपत्रिकेत मामांची नावे ठळक छापतात, ते आडनाव गुप्त कसले?) सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचे याहू खाते एका महाविद्यालयीन तरुणाने याच दारातून उघडले. त्यांची जन्मतारीख, टपालाचा पिनकोड, पती कुठे भेटले हा प्रश्न. सारी उत्तरे जाहीर माहितीत होती. गुगलने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आणखी गंमत आहे. इंग्रजी भाषकांचा आवडता पदार्थ पहिल्याच प्रयत्नात ओळखण्याची शक्यता १९.७ टक्के होती. उलट अमेरिकेतल्या सुमारे ४० टक्के इंग्रजी भाषक खातेदारांना स्वतःचेच उत्तर ऐनवेळी आठवत नव्हते. परक्याला सोपे आणि मालकाला अवघड, असे हे कुलूप!

पुढे प्रश्न मागे पडले आणि दुसऱ्या ई-मेलवर किंवा मोबाइलवर काही मिनिटेच चालणारा आकडा पाठवण्याची पद्धत रूढ झाली. यात ओळख पटते ती माणसाची नव्हे, त्याच्या हातातल्या वस्तूची. म्हणून खात्यात नोंदवलेला नंबर अजून आपलाच आहे ना, हे पाहावे लागते. भारतात बंद झालेला मोबाइल नंबर कायमचा बाद होत नाही. निदान ९० दिवस थांबून कंपनी तो दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते, आणि मग आपल्या खात्याचा आकडा त्या ग्राहकाच्या फोनवर जातो.