बोटाचा हिशेब

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत शनिवारी रात्री भजन बसायचं. मी अभंगापेक्षा म्हाताऱ्यांचे हातच जास्त पाहायचो. पखवाज वाजवणाऱ्याची करंगळी मुळापासून गेलेली. पेटीवाल्याच्या उजव्या हाताला तीनच बोटं, तरी सूर चुकायचा नाही. एकाचा डावा डोळा पांढरा झालेला, कारण साच्यावरून, म्हणजे विणकामाच्या मागावरून, धोटा उडून तिथं बसला होता. टोकाला पोलाद बसवलेला तो लाकडी धोटा मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा इकडून तिकडे धावायचा. तो वाटेतून सुटला की समोर कोण उभं आहे ते पाहत नसे. गिरणगावात असे हात आणि असे डोळे इतके होते की आम्हा पोरांना त्यात काही वावगं वाटायचंच नाही.

माझ्या आजोबांच्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट नव्हतं. ते पाटण खोऱ्यातून मुंबईत आलेले, एका गिरणीच्या कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात, कामाला. लाल बावट्याचा मोठा संप मिटला, त्यानंतर वर्षभरातली गोष्ट, असं ते सांगायचे. म्हणजे 1929 च्या सुमाराची.

“कापूस अडकला हुता. मशिन बंद केलं तर जॉबर वरडायचा. मग घातला हात. दुखलं न्हाई रं, निस्तं गार लागलं.”

जॉबरनंच, म्हणजे खात्यातल्या मुकादमानंच, त्यांना दवाखान्यात नेलं आणि वाटेत सौदा ठरला. चालत्या मशिनमध्ये हात घातलास, चूक तुझी. बोभाटा केलास तर काम जाईल. गप्प राहिलास तर धाकट्या भावाला बदलीत, गैरहजर कामगारांच्या जागी, लावून देतो. आजोबा गप्प राहिले. धाकटे आजोबा गिरणीत लागले आणि त्यांच्या पगारावर गावाकडचं कर्ज फिटलं. हे सांगताना आजोबांच्या आवाजात तक्रार नसायची, अभिमान असायचा. “एका बोटात एक मानूस कामाला लागला,” असं म्हणून ते उरलेल्या बोटांनी तंबाखू मळायला घ्यायचे.

पुढं मोठेपणी जुना कायदा वाचला तेव्हा मला त्या सौद्याची खरी किंमत कळली. कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 साली झाला आणि 1 जुलै 1924 पासून लागू झाला. म्हणजे आजोबांचं बोट गेलं तेव्हा तो अमलात होता. ज्यांचं नाव पुढं आमच्याच रस्त्याला मिळालं, ते ना. म. जोशी तेव्हा मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडत होते. त्या कायद्याला जोडलेलं परिशिष्ट वाचताना अंगावर काटा येतो. उजवा हात कोपरापासून गेला तर कमाईची ताकद 70 टक्के गेली, डावा गेला तर 60 टक्के. एक डोळा 30, अंगठा 25, अंगठ्याजवळचं बोट 10, बाकीचं कुठलंही बोट 5. माणूस पुरता निकामी झाला तर 42 महिन्यांचा पगार, पण 3,500 रुपयांच्या वर नाही. बोट गेलं तर त्या रकमेचा तितका हिस्सा. आजोबांचा पगार महिना 30 रुपये धरला, तर 42 महिन्यांचे होतात 1,260 आणि त्याचे दहा टक्के 126 रुपये. चार महिन्यांहून जरा जास्त पगार. एवढीच रक्कम होती, पण ती त्यांच्या हक्काची होती आणि त्यासाठी कुणाच्या पाया पडायची गरज नव्हती.

“चूक तुझी” हे जॉबरचं बोलणंही कायद्यापुढं टिकलं नसतं. या कायद्याचं मोठेपण नेमकं इथंच होतं. कामावर असताना, कामामुळं अपघात झाला की मालकाची जबाबदारी. मालकाचा दोष सिद्ध करायचं ओझं कामगारावर नव्हतं. दारूच्या अमलाखाली असणं, मुद्दाम हुकूम मोडणं, संरक्षक जाळी जाणूनबुजून काढणं, असे मोजकेच अपवाद. घाईत, उत्पादनाच्या धाकानं हात पुढं गेला म्हणून हक्क जात नसे. हे आजोबांना कुणी सांगितलं नाही आणि जॉबरला ते सांगायचं नव्हतं.

एक गोष्ट मात्र कायद्यानंही सुधारली नाही. भरपाई पगारावर मोजायची, म्हणून ज्याचा पगार कमी त्याचं बोटही स्वस्त. साचे खात्यात पगार चांगला होता. पण तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, त्यामुळं विटाळाचं कारण पुढं करून दलित कामगारांना त्या खात्यात शिरू देत नसत. सूतकताईच्या, कमी पगाराच्या रिंग खात्यात त्यांची भरती. 1928 च्या त्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न रोखठोक मांडला होता. जातीमुळं पगार कमी आणि पगारामुळं तुटलेल्या हाताचं मोल कमी. माझ्या आजोबांवर अन्याय झालाच, पण त्यांच्याच गिरणीत त्यांच्याहून वाईट वाटणी आलेले लोक होते, हे मला विसरता येत नाही.

दुखापतीच्या भरपाईच्या मागणीचं मूळ आणखी मागं जातं. सप्टेंबर 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. तिथून निघालेल्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. रविवारची सुट्टी मिळावी ही त्यातली मागणी सगळ्यांना ठाऊक असते. त्याच अर्जात असंही म्हटलं होतं की कामावर जबर दुखापत झाली तर बरं होईपर्यंत पगार मिळावा आणि जन्माचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय व्हावी. रविवारची सुट्टी 1890 मध्ये मिळाली. दुखापतीच्या भरपाईला मात्र चाळीस वर्षं लागली.

आजीकडं दुसरी गोष्ट होती, ती सांगताना तिचे डोळे चमकायचे. शेजारच्या खोलीतला माणूस मशिनच्या पट्ट्यात धोतर अडकून गेला. बायको पंचविशीची, पदरात दोन पोरं. तेरावा होतो न होतो तोच गावाहून दीर आला. भरपाईचा पैसा मी घेतो, शेत सोडवतो, म्हणू लागला. आजी त्या बाईला घेऊन नुकसानभरपाई कमिशनरच्या कचेरीत गेली. आयुष्यात पहिल्यांदा ती सरकारी कचेरीची पायरी चढली. “सायबानं इचारलं, बाई कोन? पोरं कुटं हायती? दिराकडं बघितलंसुदिक न्हाई.” रक्कम मायलेकरांच्या नावानं ठेवली गेली आणि बाईला महिन्याच्या महिन्याला पैसे मिळू लागले. ते घ्यायला ती नेसूचं बरं लुगडं नेसून, थोरल्याला बोटाशी धरून जायची. थोरला पुढं मॅट्रिक झाला. हा साहेबाचा चांगुलपणा, असं आजीला मरेपर्यंत वाटत होतं. खरं तर त्या कायद्याच्या आठव्या कलमातच लिहिलं होतं की मृत्यूची भरपाई मालकानं कमिशनरकडं जमा करायची, परस्पर घरच्यांच्या हातात द्यायची नाही. भोवतालची माणसं कशी वागतील हे ते कलम लिहिणाऱ्याला पुरतं ठाऊक होतं.

1954 मध्ये मुंबईत राज्य विम्याची योजना आली, कार्ड आलं, पुढं परळचं इस्पितळ आलं. पण छातीत साठलेल्या कापसाचं काय? सुट्टीनंतर सोमवारी खात्यात शिरलं की छाती आवळायची, हे चाळीतल्या सगळ्या कार्डिंगवाल्यांना माहीत होतं. आज तो आजार व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे. आजोबांच्या खोकल्याला मात्र शेवटपर्यंत विडीचाच दोष मिळाला.

गिरण्या गेल्या, मशिनं भिवंडीला, इचलकरंजीला गेली आणि गप्प राहण्याचा तो सौदाही त्यांच्या मागोमाग गेला. आज तो ठेकेदार करतो. दवाखान्याचं बिल भरतो, वर थोडे रोख देतो आणि एका कागदावर सही घेतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली आहे. घरून कामावर जाता-येता झालेला, कामाशी संबंध असलेला अपघातही आता त्यात धरला जातो. तेव्हा तुमच्या घरातलं, ओळखीतलं कुणी मशिनवर, परांचीवर, बांधकामावर जात असेल, तर त्याला एवढं सांगा: अपघात झाला की त्याच दिवशी लेखी कळवायचं, दवाखान्याच्या कागदावर ‘कामावर लागलं’ असंच लिहून घ्यायचं, आणि दोन वर्षांच्या आत दावा लावायचा. हक्क सोडल्याचा कागद कुणी आधीच लिहून घेतला असेल, तरी घाबरायचं नाही. तसला करार कायद्यानं रद्दच असतो.