लायटरची ठिणगी, हेलिकॉप्टरवाला इंजिनिअर आणि माझ्या रूममेटची गिटार

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर.

आधी एक काम करा. स्वयंपाकघरात जा, गॅसचा लायटर घ्या आणि एकदा दाबा. टक्! पडली ठिणगी? आता सांगा, या लायटरमध्ये सेल कुठे आहे? नाहीच आहे. आत एक स्प्रिंग, एक बारकी हातोडी आणि सिरॅमिकचा एक तुकडा. हातोडी तुकड्यावर आपटते आणि क्षणभर हजारो व्होल्ट तयार होतात. व्होल्ट हजारो, पण करंट म्हणाल तर चिमूटभरसुद्धा नाही. हे चिमटीचं गणित लक्षात ठेवा, कारण आजची सगळी गोष्ट त्यावर आहे.

दाबलं की वीज, याला पिएझोइलेक्ट्रिक परिणाम म्हणतात. आणि याच परिणामामुळे मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला एका मित्राचा कार्यक्रम घालवला होता.

झालं असं, की माझ्या रूममेटकडे इलेक्ट्रिक गिटार होती. गॅदरिंगमध्ये त्याला एका गाण्याची सुरुवात ॲकॉस्टिक आवाजात करायची होती आणि मधेच इलेक्ट्रिकवर जायचं होतं. दोन गिटार घ्यायला पैसे कुणाकडे? मी म्हटलं, "थांब, मी करतो." ऑनलाइन पिएझो बसवलेला ब्रिज मागवला, बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ जाऊन वायर आणि स्विच घेतला आणि रात्रभर बसून सोल्डरिंग केलं. पिएझोची वायर थेट गिटारच्या जुन्याच व्हॉल्यूम पॉटला जोडली. स्टेजवर त्याने स्विच फिरवला आणि आवाज आला पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा. बेस नावाला नाही. लोक हसले. खाली उतरल्यावर मी त्याला काय म्हणालो माहितीये? "तुझ्या बोटांत जोर नव्हता."

ते वाक्य खोटं होतं. कसं, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

साल १८८०, गाव पॅरिस. झाक आणि पिएर क्युरी हे दोन भाऊ. पिएर तेव्हा फक्त २१ वर्षांचा. क्वार्ट्झ, टूर्मलिन, अगदी साखरेचे स्फटिक घेऊन ते दाबून बघत होते. दाबलं की स्फटिकाच्या पृष्ठभागावर विद्युतभार जमा होतो, हे त्यांनी दाखवलं. पण भार इतका इवलासा की तो मोजायचा कसा? त्यासाठी इलेक्ट्रोमीटर लागला, म्हणजे समोरच्याकडून जवळजवळ काहीच करंट न ओढता मोजणारं यंत्र. पुढे १८९८ मध्ये मेरी क्युरीने किरणोत्साराची मोजमापं केली, ती या भावांच्या क्वार्ट्झच्याच उपकरणाच्या मदतीने.

म्हणजे पहिल्या दिवसापासून प्रश्न स्फटिकाचा नव्हताच. स्फटिक बोलत होता. प्रश्न होता त्याचं बोलणं मोडून न टाकता ऐकायचं कसं, हा.

पहिल्या महायुद्धात पिएरचाच विद्यार्थी पॉल लांजव्हँ याने क्वार्ट्झ वापरून पाण्याखालच्या पाणबुड्या शोधायचं तंत्र उभं केलं. नंतर रोशेल सॉल्टचे स्फटिक रेकॉर्ड प्लेअरच्या सुईमागे बसले. सुई हलली की स्फटिक दाबला जायचा, की निघाला आवाज. दमट हवेत मात्र ते खराब व्हायचे, आपल्या कोकणातल्या जुलैत त्यांचं काय झालं असतं विचार करा! पन्नासच्या दशकात टिकाऊ पिएझो सिरॅमिक आलं आणि तो प्रश्न मिटला.

मग गिटारमध्ये पिएझो आधीच का नाही आला? कारण गिटारने दुसरी वाट धरली. १९३२ च्या सुमारास 'फ्राइंग पॅन' नावाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आली. जॉर्ज बोशँप आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांची. तिच्यात लोहचुंबक आणि त्याच्याजवळ तांब्याच्या तारेची गुंडाळी. स्टीलची तार हलली की गुंडाळीत सिग्नल तयार होतो. हा मॅग्नेटिक पिकअप दणकट आहे. लांब वायर जोडा, २५० किलोओहमचा पॉट जोडा, तो चालतो. पिएझोचं तसं नाही. त्याच्यावर थोडं ओझं पडलं तरी आधी त्याचा बेस जातो. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर त्याला हळुवार ऐकू शकायचा, पण तापलेला व्हॉल्व्ह गिटारच्या पोटात कोण बसवणार? साध्या ट्रान्झिस्टरला इनपुटलाच करंट लागायचा. साठच्या दशकात फेट, म्हणजे फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर, बाजारात आला आणि चित्र बदललं. नखाएवढा, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा आणि इनपुटला जवळजवळ काहीच न ओढणारा.

आता आमचा हीरो. चार्ल्स केमन, अमेरिकेतल्या कनेक्टिकटचा. धंदा हेलिकॉप्टर बनवण्याचा, नाद गिटारचा. हेलिकॉप्टरवाल्याचं अर्धं आयुष्य थरथर कमी करण्यात जातं, ह्याने तेच ज्ञान घेऊन १९६६ मध्ये ओव्हेशन गिटार काढल्या, गोल पाठीच्या. तेव्हा ॲकॉस्टिक गिटारवाल्याला स्टेजवर माइकसमोर पुतळ्यासारखं उभं राहावं लागे. आवाज वाढवला की शिट्टी सुरू. ओव्हेशनने १९७० च्या सुमारास पिएझो थेट तारांखाली, सॅडलमध्ये बसवला. टीव्हीवर ग्लेन कॅम्पबेल ती वाजवू लागला आणि माइकची कटकट संपली.

पुढची उडी १९९३ ची. केन पार्कर आणि लॅरी फिशमन यांची पार्कर फ्लाय. वजनाला हलकी इलेक्ट्रिक गिटार, पण ब्रिजमध्ये पिएझो आणि सोबत नेहमीचे मॅग्नेटिक पिकअपही. एकाच जॅकमधून दोन वेगळे सिग्नल दोन ॲम्पकडे पाठवायची सोय. थोडक्यात, माझ्या रूममेटला जे हवं होतं, ते आम्ही शाळेतही जात नव्हतो तेव्हा तयार होतं.

आता माझी चूक, आकड्यांत. ब्रिजमधला पिएझो म्हणजे जवळपास १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर धरा. तो २५० किलोओहमच्या पॉटला जोडला की हाय-पास फिल्टर तयार होतो आणि साधारण ६४० हर्ट्झच्या खालचं सगळं गळायला लागतं. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर ८२ हर्ट्झ, सर्वांत बारीक तारेचा ३३०. म्हणजे सहाच्या सहा मोकळ्या तारांचे मूळ स्वर मी कापले होते! जाड तारेचा तर जेमतेम आठवा हिस्सा उरला होता. तेच मधे १० मेगाओहम इनपुटचा फेट बफर घातला, तर ही सीमा १६ हर्ट्झवर येते. काहीच कापलं जात नाही. पोरगा व्यवस्थित वाजवत होता. ऐकणारं सर्किट जड होतं, आणि ते मी जोडलं होतं.

हे गणित मला नोकरी लागल्यावर, एका रविवारी सहज वाचताना कळलं. त्याला फोन केला. तो म्हणाला, "गिटार माळ्यावर आहे. त्या दिवसानंतर स्टेजवर नाही गेलो." मग दोन सेकंद थांबून, "ये आणि दुरुस्त कर."

गेलो. या वेळी नीट केलं. पिएझोपासून बफरपर्यंत छोटी शील्डेड वायर, बफरनंतर पिएझोला स्वतःचा व्हॉल्यूम, मग तीन खटक्यांचा स्विच: मॅग्नेटिक, दोन्ही, पिएझो. जॅक स्टीरिओ घेतला. बॅटरीची ऋण तार त्याच्या मधल्या टोकाला जोडली, म्हणजे साधा मोनो जॅक घातला की बॅटरी चालू, काढला की बंद. वेगळा स्विच नको.

त्याने सर्वांत जाड तार छेडली. खोली भरली. तो काही बोलला नाही, नुसता वाजवत बसला. मी म्हटलं, "बोटांत जोर होता रे तुझ्या." तो म्हणाला, "माहितीये."

तर मंडळी, कुणाचा आवाज पातळ येतोय असं वाटलं, तर आधी आपलं इनपुट तपासा. आणि हो, गिटारमध्ये बॅटरी असेल तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा, नाहीतर बॅटरी विनाकारण संपत राहील. भेटू पुढच्या भागात!