तळटीप : चुका, खिळे, मोळे
७. चुका : येथे ‘चूक’ म्हणजे दोष नव्हे, तर बारीक खिळा. सुताराच्या बोलीत चूक, खिळा आणि मोळा ही वाढत्या आकाराची नावे आहेत. पातळ फळीला चूक, फळी चौकटीवर बसवायला खिळा, दाराच्या जाड आडपट्ट्यांना मोळा. खिळ्याची लांबी वरच्या फळीच्या जाडीच्या सुमारे तिप्पट घेतात, म्हणजे दोन हिस्से खालच्या लाकडात रुततात.

जुन्या वाड्यांच्या दारांतले मोळे लोहाराने घडवलेले, चौकोनी आणि टोकाकडे निमुळते. त्यांची बोथट पाती लाकडाच्या रेषांना आडवी धरून ठोकली की तंतू तुटून आत दबतात आणि मोळ्याला घट्ट धरून ठेवतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तारेचे गोल खिळे स्वस्त झाले. त्यांचे अणकुचीदार टोक मात्र पाचरीसारखे तंतू फाकवते. फळीच्या कडेला खिळा मारण्यापूर्वी जाणता सुतार त्याचे टोक हातोडीने ठेचून बोथट करतो, ते याचसाठी. बिनडोक्याची चूक पृष्ठभागाखाली दाबून वर लांबी (पुट्टी) भरतात.