एका वर्गात दोघी बाई



मागच्या वर्षी एका कोलाम पोडावर आमच्या बचत गटाची बैठक होती. बचत जमा झाली, वहीवर सह्या-अंगठे झाले, आणि एका आईने विषय काढला. तिची मुलगी पहिलीत. घरी दिवसभर बडबड करते, शाळेत मात्र तोंड उघडत नाही. आई म्हणाली, "पोरगी मंद आहे म्हणतात. मंद नाही हो ती. तिले मराठी समजत नाही."

आम्ही सगळ्या गप्प झालो. घरात कोलामी, पुस्तकात मराठी. कोलामी ही तेलुगू-गोंडीच्या कुळातली भाषा. मराठी तिची नात्यातलीही नव्हे. सहा वर्षांच्या लेकराने हे अंतर एकट्याने कसे कापायचे?

तेव्हा आम्हाला दोन बायकांची आठवण झाली. आज त्यांचीच गोष्ट सांगतो.

पहिल्या ताराबाई मोडक. जन्म 1892 चा. लग्नानंतर काही वर्षे त्या आपल्या शेजारच्या अमरावतीत राहिल्या. पुढे गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत त्यांनी बालशिक्षणाचे काम केले. दुसऱ्या अनुताई वाघ. जन्म 1910 चा. लहानपणी लग्न झाले आणि लहानपणीच वैधव्य आले. त्यातूनही त्या शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. 1945 साली दोघी बोर्डीला एकत्र आल्या आणि तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघर जिल्ह्यात आहे. पुढे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले.

तिथली मुले वारली आदिवासींची. बालवाडी उघडली, पण मुले येईनात. दोघींनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी बालवाडीच पाड्यावर, लोकांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. मोठी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळा कुरणात गेली. ती कुरणशाळा. मोठ्या बहिणी धाकट्यांना सांभाळायला घरी राहत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणली. ती विकासवाडी. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे वापरले.

आम्हाला यातून एक गोष्ट कळली. मूल शाळेत बसत नसेल, तर आधी शाळा बदलून पाहायची. आणि हे काम एकट्या माणसाचे नाही. ताराबाईंजवळ बालशिक्षणाचा अनुभव होता, अनुताई रोज मुलांत आणि पाड्यावर वावरत. एकीचे अडले तिथे दुसरी होती.

2 ऑक्टोबर 1975 ला सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. त्या अंगणवाडीत दोन बाया असतात, सेविका आणि मदतनीस. सेविका गाणे शिकवते. रडणारे मूल मांडीवर घेऊन त्याच्या बोलीत समजावते ती बहुतेक वेळा मदतनीस. तीही शिकवतेच. पण नाव मदतनीस पडले आणि मानधनही कमीच राहिले.

याच सुमारास, 1974 मध्ये, अपंग मुलांना साध्या शाळेत घेण्याची केंद्राची योजना आली. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 2010 पासून लागू झाला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारची दिव्यांगत्वे मान्य केली. म्हणजे दार उघडले, हजेरीपटावर नाव आले. पण ऐकू न येणारे मूल शेवटच्या ओळीत नुसते बसून राहिले, तर नाव असून काय उपयोग?

म्हणूनच आता सहअध्यापनाची भाषा होते. एका वर्गात दोघांनी मिळून शिकवायचे. एक जण धडा घेतो, दुसरा फिरून पाहतो कोणाचे कुठे अडले. कधी वर्गाचे दोन गट करायचे, कधी दोघांनी मिळून बोलायचे. आपल्याकडच्या लहान शाळांत दोन शिक्षक असतात खरे, पण दोन वर्ग याचे, दोन वर्ग त्याचे, मधे भिंत. याला सहअध्यापन म्हणत नाहीत. विशेष शिक्षक येऊन मुलाला वेगळे कोपऱ्यात बसवून गेले, तर तेही नाही.

आता पोडावरची गोष्ट पुरी करतो. कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक असतात, आणि निम्म्या जागा बायांच्या. आमच्या गटातल्या बाया त्या समितीत होत्याच, फक्त सहीपुरत्या. या वेळी त्या बोलल्या. ठरले की गटातली एक ताई, जी कोलामी आणि मराठी दोन्ही बोलते, आठवड्यातून दोन दिवस पहिलीत बसेल.

पहिल्या दिवशी शिक्षकांनी तिला मागे बसायला सांगितले. महिनाभराने तेच म्हणाले, "ताई, पुढे या." ते मराठीत शेळ्या मोजत, ताई कोलामीत. एक दिवस ती मुलगी मधेच बोलली, "चुकलं, पाच आहेत!" बरोबर तीच होती.

पण कापूस वेचणी आली आणि ताई वेचायला गेली. मजुरी कोण सोडणार? वर्गातली तिची जागा रिकामी झाली. आम्ही समितीत पुन्हा विषय मांडला आहे, तिच्या वेळेचे मोल ठरवा म्हणून. अजून काही ठरले नाही. आम्हीही सोडले नाही.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत बचत जमा झाली की एवढे विचारा: आपल्या शाळेत कोणते मूल गप्प बसते? त्याची बोली, त्याच्या खाणाखुणा गावात कोणाला कळतात? आणि त्या बाईला वर्गात खुर्ची कोण देणार?